मऊ गाडीचं दुखणं

दानम्माला गाडी लागायची. लग्न होऊन ती नांदूरघाटला आली ती एस.टी.च्या खिडकीतून मान बाहेर काढूनच. वेशीत उतरल्यावर तिनं आधी चूळ भरायला पाणी मागितलं आणि मग सासूच्या पाया पडली. पुढं कितीतरी वर्षं सासू आल्यागेल्याला हे सांगायची, आणि दानम्माही त्यात हसून भर घालायची.

तिचे मालक मल्लिनाथअप्पा यांचं पेठेत किराणा दुकान. माल आणायला त्यांनी एक जुनी जीप घेतली होती. त्या जीपमध्ये मात्र दानम्माला कधी काही झालं नाही. एस.टी. झुलायची, जीप नुसती आदळायची. खड्डा आला की डोकं टपाला लागायचं, दात दातांवर आपटायचे, पण पोट जागच्या जागी राहायचं. तिला तेवढं पुरे होतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. ऊसच नव्हता, त्यामुळं साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं. गावात चार पैसे फिरत होते ते महिला दूध संस्थेमुळं. आधीच्या चेअरमनबाई लेकाकडं पुण्याला निघून गेल्या, तेव्हा बायकांनी दानम्माला पुढं केलं. दुकानात बसून तिला सगळं गाव ओळखीचं झालेलं, वजनात ती कधी कुणाला फसवत नव्हती, आणि बोलताना कुणाची भीड धरत नव्हती. ती हो म्हणाली. बीडला दूध संघाच्या बैठकीला जावं लागतं, हे तिला नंतर कळलं.

"जीप हाय की," ती म्हणाली.

पण जीप राहिली नाही. त्याच महिन्यात अप्पांच्या मणक्यातली गादी सरकली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि पहिला प्रश्न विचारला तो, गाडी कोणती वापरता. जीप म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. अप्पांनी जीप विकली आणि बीडच्या एका ठेकेदाराकडून लांबुडकी पांढरी गाडी घेतली. वापरलेली होती, पण आतून नव्यासारखी. गावाच्या पहिल्या खड्ड्यातून ती गेली, तेव्हा अप्पांनी स्टेअरिंगवरचा एक हात काढून मांडीवर ठेवला.

"कळलं का काई?" त्यांनी विचारलं.

"काय कळायचं?"

"खड्डा गेला. कळलाच न्हाई."

दानम्माला कळला होता. खड्ड्यातून वर आल्यावर गाडी एकदा वर गेली, एकदा खाली आली, पुन्हा थोडी वर गेली, आणि तिचं पोट प्रत्येक वेळी गाडीच्या मागून एक पाऊल उशिरा गेलं.

पहिल्या बैठकीला ती याच गाडीतून निघाली. नेकनूरपर्यंत डोळे मिटून बसली. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी एका वळणाला डावीकडं कलली, दुसऱ्या वळणाला उजवीकडं, आणि तिनं अप्पांच्या दंडाला हात लावला. घाट उतरेपर्यंत गाडी तीन ठिकाणी थांबली. संघाच्या कचेरीत ती पोचली तेव्हा पदर भिजलेला, तोंडाला कोरड पडलेली. संघाचे अध्यक्ष भगवानराव कडब्याचं वाटप सांगत होते. नांदूरघाटचं नाव आलं तेव्हा तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि रुमाल तोंडावर धरून बाहेर गेली. नांदूरघाटचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

परतताना गाव जवळ आल्यावर ती म्हणाली, "बायका वाट बघत असतील. म्हशींना उद्या काय टाकायचं ते इचारतील."

"मी सांगतो त्यांला."

"तुमी कावून सांगता? चेअरमन मी हाय."

दुसऱ्या दिवशी अप्पा तिला घेऊन केजला गेले. तिथं आसाराम नावाचा मिस्त्री होता. जीपचं सगळं त्यानंच केलेलं. त्यानं गाडी उचलून धरली, आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हात पुसत समजावून सांगितलं.

"जीपला खाली पाटे होते, अप्पा. एकावर एक लोखंडी पट्ट्या. ओझ्यासाठी बनवलेल्या. रिकाम्या गाडीला त्या वाकतच न्हाईत, म्हणून आदळायचं. हिला चारी चाकांना आपापली स्प्रिंग हाय. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला खबर न्हाई. त्यात ह्या स्प्रिंगा लई मऊ. खड्डा गिळतात. पण गिळलेला धक्का जातो कुठं? त्याचे झोके होतात. अन् वळणात गाडी एका अंगावर झुकती."

"म्हणजे ह्यांच्या कंबरेला ही बरी, अन् माझ्या पोटाला वाईट," दानम्मा म्हणाली.

"तसंच म्हणा."

"मग कडक कर," अप्पा म्हणाले. "स्प्रिंगा कडक घाल, शॉकअप कडक घाल. हिला बीडला जायचं हाय."

आसारामनं तसं केलं. गाडी वेगळीच झाली. वळणात जमिनीला धरून राहायची, झुलणं नाही की कलणं नाही. दानम्मा केजहून गावापर्यंत खिडकीतून रान बघत आली, बोलत आली, आणि वाटेत तिनं शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. गाडीत तिनं काही खाल्ल्याचं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. घर आलं. ती उतरली. अप्पा उतरले नाहीत.

"या की खाली."

"येतो. जरा दम खाऊ दे."

त्यांना दोघा माणसांनी धरून आत नेलं. पुढं कितीतरी दिवस ते फळीवर पाठ टेकून पडून राहिले आणि दुकानात दानम्मा बसली.

संस्थेतल्या बायकांनी आपापल्या परीनं तोडगे सुचवले. छबुबाई म्हणजे दूध मोजणारी, दानम्माची जवळची मैत्रीण. ती म्हणाली, काळीपिवळीनं जा. दानम्मा गेली. तिच्या मांडीवर कुणाचं तरी पोर, खांद्यावर कुणाची तरी पिशवी, आणि पुढच्या माणसाच्या तोंडात बिडी. ती नेकनूरलाच उतरून परत आली. बायनाबाई सगळ्यांत वयस्क. तिनं ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरायला सांगितली. दानम्मानं धरली. त्यानं ओव्याचाही वास नकोसा झाला, दुसरं काही झालं नाही. मधल्या बैठकीला अप्पाच कसेबसे जाऊन आले, तर भगवानरावांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "संस्था बायांची. तुम्ही कोण? चेअरमनबाईंना पाठवा."

मग घरात एक भांडण लागलं. असं भांडण त्या घरात आधी झालं नव्हतं, कारण दोघंही दुसऱ्याच्या बाजूनं भांडत होती.

"स्प्रिंगा परत मऊ घाला," दानम्मा म्हणाली. "तुमी रोज गाडी चालवता. मला कदीमदी जायचं."

"मग बैठकीचं काय? म्हशींचं काय?"

"तुमची कंबर गेली तर म्हशींचं दूध घालू का कंबरेवर?"

"मधलं काईतरी करता यील."

आसारामनं मधलंही करून पाहिलं. कंबर निम्मी दुखायला लागली आणि पोट निम्मं ढवळायला लागलं. तेव्हा त्यानं पाना खाली ठेवला. "अप्पा, तुमा दोघांसाठी एक गाडी अजून कुठल्या कंपनीनं काढली न्हाई. पुढची स्प्रिंग नवऱ्याची अन् मागची बायकोची, असं करता येत न्हाई."

शेवटी दानम्माचं चाललं. मऊ स्प्रिंगा परत बसल्या.

त्या दिवशी ती अप्पांबरोबर केजला गेली होती, दुकानाचा माल घ्यायला. परत येताना ती पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेली. अप्पांना खालून कसलातरी खुळखुळ आवाज ऐकू येत होता, आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या गोंगाटात तो नेमका कुठून येतो ते कळत नव्हतं. गावाच्या अलीकडं पाझर तलाव होता. त्यात आता पाण्याचा थेंब नव्हता. गाळ वाळून टणक झालेला, जागोजागी भेगा पडलेल्या, आणि गाळ काढून शेतात नेणाऱ्या ट्रॅक्टरांनी तळात रस्ते पाडलेले. अप्पांनी आवाज शोधायला गाडी तलावात उतरवली. ट्रॅक्टरवाले जेवायला गेले होते. मैदानासारखा सपाट तळ दूरवर पसरलेला, आणि त्यात ही एकटी पांढरी गाडी.

अप्पांनी गाडी थांबवली, उतरले, वाकून चाकाच्या आत पाहिलं. आवाज सापडला. आसारामचा एक छोटा पाना आतच राहिला होता. अप्पांनी हात घालून तो ओढला आणि तिथंच गुडघ्यावर राहिले.

"दानम्मा."

तिला आवाजावरूनच कळलं. ती धावत आली. त्यांना सरळ होता येत नव्हतं. काखेत हात घालून, मोठ्या मुश्किलीनं तिनं त्यांना डाव्या सीटवर बसवलं आणि सीट मागं पाडून दिली. फोनला त्या खोलगटात रेंज नव्हती.

"बांधावर जाऊन कुणाला तरी बोलावते."

"ह्या उन्हात कुठं जातीस? तिथं माणूस तरी हाय का?" अप्पा छताकडं बघत म्हणाले. "तूच चालव."

"मी?"

"इथं धडकायला काय हाय? तळं हाय. पाणी बी न्हाई बुडायला."

दानम्मा स्टेअरिंगमागं बसली. सीट पुढं ओढावी लागली. अप्पा झोपल्या झोपल्या सांगत गेले. डावा पाय पूर्ण दाब. आता चावी फिरव. आता डावा पाय हळू सोड. हळू म्हणजे, दूध उतू जाताना आच कमी करतीस तसं. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. अप्पांनी सीटचा काठ घट्ट धरला. पुन्हा बंद पडली. कितीदा बंद पडली याची गणती तिनं ठेवली नाही, आणि अप्पांनी ठेवली असली तरी सांगितली नाही. मग एकदा गाडी चालायला लागली आणि चालतच राहिली.

तलावाचा तळ वरून सपाट दिसत होता, पण सपाट नव्हता. गाडी एका उंचवट्यावर चढली, उतरली, झुलली. ट्रॅक्टरच्या चाकोरीत शिरली, एका अंगावर कलली, बाहेर आली. दानम्माचं लक्ष पुढं होतं. ती चाकोरी चुकवत होती, भेगा चुकवत होती, काढलेल्या गाळाच्या ढिगाला वळसा घालत होती. बांधापाशी, जिथून वर चढायचा रस्ता होता, तिथं तिनं ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली, पुढं झुकली, मागं आली.

ती तशीच बसून राहिली.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं. "मळमळतंय का?"

"न्हाई."

"मग?"

"न्हाई म्हणते ना. मळमळत न्हाई." तिनं पोटावर हात ठेवला. पोट शांत होतं. "एवढी झुलली गाडी, अन् काईच झालं न्हाई."

दानम्माला माहेरचा पंचमीचा झोका आठवला. लिंबाच्या फांदीला बांधलेला. स्वतः उभं राहून, गुडघे वाकवून झोका कितीही उंच काढला तरी तिला काही होत नसे. मागून दुसऱ्या कुणी ढकलला की लगेच पोटात कालवायचं. आपण काढलेला झोका अंगाला आधी कळतो. दुसऱ्यानं दिलेला नंतर.

तिनं अप्पांना हे सांगितलं. अप्पा म्हणाले, "असंल. मलाबी लई दिसांनी बरं वाटलं गाडीत. चालवताना क्लच दाबला की कळ यायची. आता झोपून होतो तर काईच कळलं न्हाई."

"मग आणिक एक चक्कर मारू का?"

"मार."

त्या दुपारी तिनं अनेक चकरा मारल्या. ट्रॅक्टरवाले जेवून आले, तेव्हा बांधावर एका रांगेत उभे राहून बघत राहिले. चेअरमनबाई तळ्यात गाडी फिरवते आणि मालक शेजारी झोपलेले, ही बातमी त्या दोघांच्या आधी गावात पोचली.

शिकाऊ लायसन निघालं. गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेवर लाल एल चिकटला. रोज सकाळी दूध संकलन झालं की दानम्मा तळ्यात उतरायची. अप्पा शेजारी, आता निम्मे बसलेले. गावानं हसायचं तेवढं हसून घेतलं. दुकानात एकानं विचारलं, "अप्पा, गाडी तुमची का बायकोची?" अप्पा गूळ तोलत होते. म्हणाले, "गाडी दोघांची. कंबर माझी, पोट तिचं." विचारणाऱ्याला काही उमगलं नाही, तो गूळ घेऊन निघून गेला.

तळ्यातलं जमायला लागल्यावर ती रस्त्यावर आली. आणि तिथं तिला दुसरी एक गोष्ट कळली. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की मऊ गाडी नाक खाली घालते आणि त्याच वेळी अंगावर कलते. दोन्ही एकदम. तेच जर आधीच हळू केलं, आणि वळणभर पाय एकसारखा ठेवला, तर गाडी एकदाच सावकाश झुकते आणि सावकाश सरळ होते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ज्या पोटानं इतकी वर्षं सगळी वळणं मोजली होती, त्या पोटाला ते ठाऊक होतं.

बैठकीचा दिवस आला. मागच्या सीटवर छबुबाई आणि बायनाबाई. बायनाबाईनं ओव्याची पुरचुंडी आणली होती, आणि यावेळी ती स्वतःसाठी होती. मांजरसुंबा मागं पडलं. घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण. दानम्मा प्रत्येक वळणाच्या आधी पाय उचलायची. मागून भोंगे वाजायचे, मग काचेवरचा एल बघून गाड्या बाजूनं निघून जायच्या. घाट संपला तेव्हा छबुबाई म्हणाली, "घाट कधी यायचा मग?"

"गेला," दानम्मा म्हणाली.

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. ते हळूच म्हणाले, "मी चालवायचो तेव्हा कावून एवढी झुलायची गाडी?"

"गाडी मऊ हाय, ते खरंच. पण तुमचा पाय कडक होता."

बीड येईपर्यंत अप्पा आपल्या उजव्या पायाकडं अधूनमधून बघत राहिले.

कचेरीच्या आवारात लाल एल लावलेली गाडी शिरली तेव्हा भगवानराव पायरीवर उभे होते. पदर कोरडा आणि तोंडावर हसू, अशी ही बाई त्यांनी आधी ओळखलीच नाही. बैठकीत नांदूरघाटचं नाव निघालं. दानम्मा उभी राहिली. गावात जनावरं किती, दूध किती उतरलं, कुणाच्या म्हशी आटल्या, ते तिनं घरच्यासारखं सांगितलं. भगवानरावांनी मान हलवली, पण म्हणाले, "बाई, कडबा हाय. द्यायची मनशा बी हाय. पण तुमच्याकडं ट्रकवाले यायला तयार न्हाईत. नेकनूरच्या पुढं पुलाचं काम चाललंय, वळणरस्ता कच्चा. उंच भरलेला कडबा तिथं कलतो. मागल्या हप्त्यात एक ट्रक आडवा होता होता राहिला."

"उंच भरू नका," दानम्मा म्हणाली. "दोन थर कमी भरा, दुसरी खेप करा. अन् इकडून जाताना त्या वळणरस्त्याला डावीकडून धरायचं, उजवीकडची कड खचलीय. मी सकाळी तिथूनच आलेय."

"बघून आलात?"

"चालवत आले. तुमच्या ड्रायव्हरला म्हणावं, माझ्या मागं मागं ये. मी थांबले की थांब, मी चालले की चाल."

बैठकीतल्या इतर गावच्या बायका वळून तिच्याकडं बघायला लागल्या. दिंद्रुडच्या सावित्रीबाईंनी शेजारणीला विचारलं, ही कुठली. भगवानरावांनी ट्रकवाल्याला बोलावणं धाडलं. तो आला, त्यानं गाडीवरचा एल पाहिला, दानम्माकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं.

"ह्या चालवणार?"

"ह्याच," अप्पा म्हणाले. "मी झोपणार हाय."

दुपार कलल्यावर बीडहून दोन्ही गाड्या निघाल्या, पुढं लांबुडकी पांढरी गाडी आणि मागं कडब्याचा ट्रक. घाटात दानम्मानं ट्रकला जमेल एवढाच वेग ठेवला. आरशात ती त्याच्या ओझ्याकडं बघत होती. वळणाच्या आधी तिच्या मागचे लाल दिवे लागायचे आणि तो हळू व्हायचा. कडबा थोडा झुकायचा, पुन्हा सरळ व्हायचा. पुलाजवळच्या कच्च्या रस्त्याला तिनं गाडी थांबवली, उतरली, चालत पुढं गेली, आणि हातानं दाखवून त्याला डाव्या बाजूनं आणलं. उजवीकडची ढेकळं घरंगळत खाली गेली, पण ट्रक पार झाला. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"ताई, उद्याच्या खेपेला बी तुमी पुढं असाल का?"

"दूध घालून झालं की येते नेकनूरपर्यंत."

छबुबाई आणि बायनाबाई एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होत्या. अप्पा तर घाटातच गाढ झोपले होते. तोंड थोडं उघडं, हात पोटावर. दानम्मा खड्डा आला की त्यांच्याकडं एक नजर टाकायची. ते हलत होते, जागे होत नव्हते. तिला भूक लागली होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात छबुबाईनं ठेवलेली धपाटी होती. तिनं एका हातानं त्यातलं एक काढलं, आणि मग हातात स्टेअरिंग आहे हे आठवून गाडी कडेला घेऊन उभ्या गाडीतच खाल्लं.

संस्थेपुढं बायका उभ्याच होत्या. ट्रक दिसल्यावर कुणी कोयते आणले, कुणी दोर. म्हशींना वास आधीच लागला होता, त्या दावणीला हिसके देत होत्या. दानम्मा उतरली, पदर खोचला आणि पहिली पेंढी ओढायला ट्रकपाशी गेली. मागून गाडीतून अप्पांचा आवाज आला.

"अगं, सीट खाली हाय. मला उठता येत न्हाई. आधी मला उठव."

"थांबा जरा," दानम्मा म्हणाली. "आधी म्हशी."